शेंदराचा थर

अमेरिकेत खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे जमविण्याचा शौक जुना आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात निघालेल्या काही चकचकीत कार्डांवर, ओरखडे पडू नयेत म्हणून, पारदर्शक पापुद्रा चिकटविलेला असे. तो सोलावा की ठेवावा, यावर शौकिनांचे एकमत नाही. सोलला तर चित्र झळकते, पण कोरेपणा जातो. वाचकांस हा पोरखेळ वाटेल. आम्हांसही वाटला असता. परंतु वैनगंगेच्या काठी हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, आणि तेथे त्याचे मोल पैशांत मोजण्याजोगे नव्हते.

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंड्याची देवालये विद्यार्थ्यांस दाखवून परतताना एका खेड्याच्या शिवेवर आम्ही थांबलो. झाडाखाली एक शिळा होती. तिच्यावर तेल-शेंदराची इतकी पुटे चढली होती की नाक-डोळे बुजून गेले होते. एका उत्साही विद्यार्थ्याने चाकूने बोटभर जागा खरवडली. आत मण्यांची रेखीव माळ दिसली. आम्ही त्यास थांबविले नाही. उलट चष्मा पुसून खाली वाकलो, हे कबूल केले पाहिजे. इतक्यात एक म्हातारी आली. “देवाले उघडं कायले करता, गुरुजी?” एवढेच ती म्हणाली.

अस्सल शेंदूर शिशापासून होतो. तेलात कालविला म्हणजे त्याचे कठीण कवच बनते. लोखंडी पुलांस गंज चढू नये म्हणून हाच रंग पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले. तेव्हा म्हातारीच्या शेंदराने माळेचे रक्षणच केले, असे म्हणता येईल. पण तिच्या वतीने हा युक्तिवाद आम्ही करणे लबाडीचे होय. रक्षण हा तिचा हेतूच नव्हता. कार्डावरील पापुद्रा कार्डासाठी असतो. शेंदूर ही तिच्या लेखी साक्षात पूजा होय.

कोणी विचारील, कारागिराने माळ कोरली ती दिसावी म्हणूनच ना? त्याचा काही हक्क नाही काय? आहे, आणि या आक्षेपास आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. 2022 साली सप्तशृंगीच्या देवीवरील शेंदराचे कवच उतरविले, तेव्हा मूळ रूप पाहून भाविक हरखले. परंतु ते काम देवस्थानाने करविले. ज्यांच्या हातांनी शेंदूर चढला, त्यांच्याच संमतीने तो उतरला. आमचा चाकू परका होता.

पुढल्या वर्षी आम्ही त्या वाटेने पुन्हा गेलो. खरवडलेली जागा बुजली होती. तेथला शेंदूर भोवतालच्यापेक्षा जरा अधिक लाल दिसत होता. विद्यार्थ्यांस आम्ही या खेपेस रस्त्यावरच उभे केले.