गुणाचा उपयोग आणि माणसाचा मान

क्रीडांगण हें समतेचें माहेरघर आहे, असें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. चेंडू जात विचारीत नाहीं, हें खरेंच. परंतु चेंडू जें विचारीत नाहीं तें माणसें विचारतात, याची साक्ष पालवणकर बंधूंच्या चरित्रांत मिळते.

बाळू पालवणकर अस्पृश्य मानलेल्या चांभार समाजांत जन्मले. पुण्यांत साहेबांच्या क्लबाचें मैदान राखतां राखतां ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून नांवारूपास आले. पुण्याच्या हिंदु संघास साहेबांवर विजय हवा होता; म्हणून त्यांस संघांत घेण्यांत आलें. मैदानावर एकच चेंडू सर्वांनीं हाताळला. चहाच्या वेळीं मात्र इतरांस आंत चिनी मातीचे पेले आणि बाळूंस बाहेर मातीचें भांडें! पुढें १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच देण्यांत आलें नाहीं.

ज्याच्या गुणाचा आपण उपयोग करून घेतों, त्याचा मान आपण राखला असें म्हणतां येईल काय? मला तसें वाटत नाहीं. ज्यांच्या श्रमांनीं विहीर खणली, त्यांसच तिच्या काठावर मज्जाव करणारीं गांवें आपल्याकडे थोडीं नव्हतीं. गोलंदाजाकडून आपण बळी घेववितों. कर्णधाराची आज्ञा आपल्याला पाळावी लागते. पहिल्यांत आपला लाभ आहे, दुसऱ्यांत आपल्या अहंकाराची परीक्षा आहे.

कोणी म्हणेल, गुणवंतानें खेळत राहावें. काळ आपोआप पालटतो. परंतु बाळूंच्या एवढ्या पराक्रमानेंही तो पालटला नाहीं. १९२० सालीं नेतृत्वाच्या प्रश्नावर विठ्ठल व शिवराम ह्या त्यांच्या धाकट्या बंधूंनीं संघांतून माघार घेऊन उघड निषेध केला. खेळाडूस न खेळण्याहून कठोर शिक्षा नाहीं. ती त्यांनीं स्वतःवर ओढवून घेतली. अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीचा रेटाही पाठीशीं होता. अखेर १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदु संघानें मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली.

आजही संघ जाहीर झाला कीं, अमक्यास घेतलें काय, एवढेंच आपण विचारतों. त्या संघांत कोणाचा शब्द चालतो आणि सामना संपल्यावर कोण कोणाच्या पंगतीस बसतो, हेंही विचारावयास हवें. हाच प्रश्न आपल्या घरासही लागू आहे. म्हणूनच आपण तो टाळतों.