हातातली लाल फीत

गेल्या उन्हाळ्यात बेंगळुरूहून बेळगावला परतताना मला विमानात खिडकीची जागा मिळाली. विमान सुटायच्या बेतात असताना, कानांवर जाड हेडफोन चढवलेला एक माणूस खालून चालत बाजूला गेला, वळला, आणि हात उंच करून त्याने वैमानिकाला एक लाल फीत दाखवली. मग अंगठा वर केला. त्यानंतरच विमान हलले. लाल फीत म्हटली की आम्हां मुख्याध्यापकांना शिक्षण खातेच आठवते. ही फीत कुठली, ते काही कळेना.

माझा एक जुना विद्यार्थी विमानतळावर हेच काम करतो. त्याने उलगडून सांगितले. विमानाला मागे ढकलण्यासाठी पुढच्या चाकाला एक बुटके वाहन जोडतात. त्या वेळी वैमानिकाकडून चाक वळू नये म्हणून तिथे एक खीळ घालतात; लाल फीत तिलाच बांधलेली असते. ढकलणे चालू असेतो खालचा माणूस वायरीवरून वैमानिकाशी बोलत असतो. ब्रेक सोडले का? सोडले. ब्रेक लावले का? लावले. प्रत्येक वाक्याला उत्तर हवेच. शेवटी वायर काढली की आवाज संपतो, उरतो फक्त हात. म्हणून तो खीळ काढल्याचे नुसते सांगत नाही, ती दाखवतो. आणि वैमानिकाने वरून हात केल्याखेरीज तिथून हलत नाही.

एवढा सोपस्कार कशाला, असे वाटेल. 16 डिसेंबर 2015 रोजी मुंबई विमानतळावर, हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात जमिनीवरचा एक तंत्रज्ञ ओढला गेला. निघण्याचा इशारा मिळाला अशा समजुतीने विमान पुढे सरकले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत होते.

याहून मोठी समजूत 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर झाली. धुके दाट होते. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने होती, एक डच, एक अमेरिकन. नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकाने तो मार्ग उलट वाचून दाखवला आणि शेवटी जोडले, की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. त्याच्या मनात बहुधा डच वाक्यरचना होती : आम्ही निघालो आहोत. स्पॅनिश नियंत्रकाला वाटले, निघायच्या जागी उभे आहेत. तो म्हणाला, ‘ओके’. पुढे त्याने थांबायलाही सांगितले. पण त्याच क्षणी अमेरिकन वैमानिक बोलला आणि दोन्ही आवाज मिसळून डच विमानात नुसती शिट्टी ऐकू आली. 583 माणसे गेली.

इंग्रजी त्या दोघांचीही मातृभाषा नव्हती. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मला मात्र त्याहून छळते ती दुसरीच गोष्ट. त्याआधी काही क्षण डच कप्तानाने एकदा इंजिनाचा जोर वाढवला होता, तेव्हा याच सहवैमानिकाने त्याला परवानगी नसल्याची आठवण दिली होती. दुसऱ्यांदा तो तसे बोलला नाही. कप्तान कंपनीतला मोठा माणूस होता. मोठ्या माणसाची चूक एकदा दाखवता येते. लगेच पुन्हा दाखवायला किती बळ लागते, हे ज्याने शिक्षकांच्या बैठका चालवल्या आहेत त्याला विचारावे. माझ्या बैठकांत सगळे ‘हो’च म्हणतात, आणि मी बरीच वर्षे त्याला एकमत समजत आलो.

त्या दुर्घटनेनंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, असे ठरले. नुसत्या ‘ओके’वर भागेना, आज्ञा उलट म्हणून दाखवावी लागू लागली. यात मला एक नैतिक विचार दिसतो. सांगणाऱ्याची जबाबदारी सांगून संपत नाही. आपण मात्र ‘मी सांगितले होते’ एवढ्यावर सुटतो.

मीही सुटलो आहे. 2009 साली मी एका शाळेत साहाय्यक शिक्षक असताना आम्ही मुलांची सहल गोकाकच्या धबधब्याला नेली होती. बस मागे घेताना मी पाठीमागे उभा होतो. सातवीतला एक मुलगा चाकाजवळ वाकलेला दिसला आणि मी घाबरून बसच्या पत्र्यावर धडाधड थापा मारल्या. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. चालकाने बस आणखी मागे घेतली. मुलाच्या पावलाची दोन हाडे मोडली.

अहवाल मी लिहिला : ‘थांबण्याची सूचना देऊनही चालकाने गाडी मागे घेतली.’ यात एकही शब्द खोटा नव्हता. थापा किती मारल्या, ते कोणी विचारले नाही. मुलगा काही महिन्यांत बरा झाला. चालकाचे काम गेले.

तो बैलहोंगलकडचा. मराठी मोडकीतोडकी बोलायचा, वाचता मुळीच येत नव्हती. अहवालाखाली त्याची सही घ्यायची होती. कागद पुढे करून मी विचारले, ‘समजलं ना?’ माझ्याकडे बघत तो म्हणाला, ‘हूं री, सर,’ आणि माझ्या मराठी मजकुराखाली त्याने कन्नडमध्ये सावकाश सही केली.