कमरेला खोचलेली सुपारी

धाकट्या आत्याच्या लग्नात कन्यादानाची वेळ आली, तेव्हा आजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. कन्यादानाला जोडपं लागतं. गुरुजींनी ताटातली एक सुपारी उचलली, आजोबांच्या धोतराच्या कनवटीला खोचली आणि म्हणाले, "झालं, बसा पाटावर." आजोबा बसले. लेकीचा हात त्यांनी जावयाच्या हाती दिला, पाणी सोडलं. मांडवात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

थोरली आत्याबाई तेव्हा परसात चुलाण्यापाशी होती. सत्ताविसाव्या वर्षी तिचा नवरा विहिरीचं काम करताना दगावला आणि ती माहेरी आली ती कायमची. धाकटीला न्हाऊमाखू घालून, तिच्या वेण्या घालून तिनंच मोठं केलं होतं. लग्नाची हळदही तिनंच जात्यावर दळली. ती लावायला मात्र गल्लीतून पाच सवाष्णी आल्या. त्यातली एक तर महिन्याभरापूर्वीच गावात सून म्हणून आलेली.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं. तेव्हा जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. मी असेन दहा-अकरा वर्षांचा. सुपारीची मला गंमत वाटली होती, तेवढंच. गेलेल्या बायकोच्या जागी सुपारी चालते आणि गेलेल्या नवऱ्याच्या जागी काहीच चालत नाही, हे ध्यानात यायला पुढची वीस वर्षं गेली. ध्यानात आणून दिलं ते ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकानं.

ताराबाई बुलढाण्याच्या. आमच्या सेनगावच्या पलीकडे वाशिम, त्याच्या पुढे बुलढाणा. तिकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार, इकडे मराठवाड्यात निजामाचा, पण माणसं आणि रीतिरिवाज सारखेच. १८८१ साली गुजरातेत, सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी झाली. वर्तमानपत्रांत मात्र चर्चा रंगली ती एकूण बायकांच्या चालचलणुकीची. ते वाचून ताराबाई पेटून उठल्या आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटंसं पुस्तक बाहेर पडलं.

या पुस्तकाचं सगळं बळ त्याच्या नावात आहे. त्या काळात विधवांसाठी काम करणारी थोर माणसं होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांचं ऋण फेडता येणारं नाही. पण बहुतेक सुधारकांच्या बोलण्याचा सूर होता दयेचा: ही बिचारी, हिचे फार हाल होतात, हिला आधार द्या. ताराबाईंनी दया मागितली नाही. शास्त्रांनी, पोथ्यांनी, नाटककादंबऱ्यांनी बायकांच्या माथी जे जे दोष मारले होते, ते त्यांनी एकेक करून उचलले आणि त्याच तराजूत पुरुषाला बसवलं. कपट कुणात जास्त? धाडस कुणाचं घातक? बायको गेल्यावर तो महिन्या-दोन महिन्यांत बोहल्यावर चढतो, तर नवरा गेल्यावर तिनं अंधारात का बसायचं? त्यांचं मागणं एवढंच होतं की माप एकच लावा.

लोकांना ते सोसलं नाही. टीका झाली, जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग पुस्तक दिसेनासं झालं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून लोकांपुढे आणलं १९७५ मध्ये. मधली नव्वदहून अधिक वर्षं मराठी समाज सुधारत होता. मुली शाळेत गेल्या, केशवपन बंद पडलं. पण मला वाटतं, त्या काळात आपण दया घेतली आणि तुलना टाकून दिली. आमच्या घरातलंच बघा. थोरल्या आत्याबाईची सगळ्यांना कणव होती. तिला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, तिच्या ताटात कधी शिळं वाढलं नाही. पण एकाच वाड्यात एक विधुर आणि एक विधवा राहत होती, बाप आणि लेक, आणि त्या दोघांना शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

भाषाच तसं पाहू देत नाही. सवाष्ण म्हणतो, तिचा जोडीदार शब्द पुरुषासाठी नाही. विधुर हा शब्द पुस्तकात, नाहीतर अर्जाच्या रकान्यात. मी गावात तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'त्याची बायको वारली' एवढंच म्हणतात, म्हणजे घडलं ते बायकोचं. टाकलेली असते, टाकलेला नसतो. वांझ बाईच. पुरुषाचं दुसरं लग्न हे लग्नच, फार तर त्याला बिजवर म्हणायचं. बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, मोहतूर. आपल्याकडच्या कितीतरी जातींत पाटाची चाल होती, बाईला दुसरा संसार मांडता येत होता. पण घर वर चढलं, चार एकराचे चाळीस एकर झाले, 'आपण कुळवाले' असं वाटू लागलं, की पहिली बंद पडायची ती हीच चाल. घराची इज्जत बाईच्या अंगावर मांडायची, ही रीत पैशाबरोबर वाढते. हे मी माझ्या भावकीत पाहिलं आहे.

प्रश्न तसा ताराबाईंच्याही आधीचा. संत नामदेवांचं गाव म्हणून आम्ही सांगतो ते नर्सी हिंगोलीपासून जवळ आहे. त्यांच्या घरात दळणकांडण करणारी जनाबाई गंगाखेडची. डोक्यावरचा पदर खाली आला तरी भर बाजारातून जाईन, अशा अर्थाचं ती सातशे वर्षांपूर्वी बोलून गेली आहे. आमच्या आत्याबाईला तिचे अभंग पाठ होते, हाही अभंग ती म्हणायची. म्हणताना डोक्यावरचा पदर सावरायची.

कोरोनानं घराघरांत तरुण विधवा केल्या, तेव्हा ही गोष्ट पुन्हा ऐरणीवर आली. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम हाती घेतली. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मे रोजी शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मला या ठरावाचं मोल फार वाटतं. तिरडी उचलायच्या वेळी दोन बायका तिसरीचा हात धरून बांगड्या फोडतात, ते ज्यानं एकदा पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. तरी ताराबाईंचं माप हातात घेतलं, की पुढचा प्रश्न येतोच. नवऱ्याच्या असण्यानसण्याची खूण बाईच्या गळ्यात, कपाळावर, पायाच्या बोटांत. बायकोच्या असण्याची खूण पुरुषाच्या अंगावर कुठे? तिचं काढायचं की ठेवायचं, यावर गावसभा भरते. त्याच्याकडे काढायलाच काही नाही.

आमचा जिल्हा आता हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागतात. फेब्रुवारी-मार्चात कोणत्याही शिवारात जा. पाला कापून झालेला असतो, कंद उकरलेले असतात, आणि बायका ओळीनं उकिडव्या बसून माती झाडत, मुळ्या तोडत गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत असतात. मग शिजवणं, मग दहा-पंधरा दिवस वाळवणं, मग ड्रममध्ये घोटणं. बायकांच्या बोटांच्या पेरांतला पिवळा रंग साबणानं जात नाही, पाडव्यापर्यंत टिकतो. या ओळीत नवरा गेलेल्या कितीतरी जणी असतात. त्यांना तर रोजानं जावंच लागतं. हळद त्या काढतात, निवडतात, वाळवतात, आणि लग्नघरी त्याच हळदीच्या ताटापासून चार हात दूर उभ्या राहतात. संध्याकाळी रोज वाटतात तेव्हाही दोन भाव: गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, त्यात गोठ्यातलं शेणघाण बायकोनं करायचं हे बऱ्याचदा न बोलता धरलेलं असतं.

या दुहेरी मापानं पुरुष सुखात आहे असंही नाही. मराठवाड्यात फास घेणाऱ्या शेतकऱ्यांत बहुतेक पुरुष. कर्ज झालं, पीक गेलं, पोरीचं लग्न तोंडावर आलं, तरी घरात तोंड उघडायचं नाही, कारण रडला की तो बायल्या. पुरुषाला द्यायची सर्वांत मोठी शिवी म्हणजे बाई. माझा एक वर्गमित्र असाच गेला. आदल्या रात्री पारावर आमच्याबरोबर हसत बसला होता. त्याच्या बायकोला मदत मंजूर झाली, एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. 'पात्र' हा शेरा मिळवण्यासाठी तिनं तहसीलच्या किती चकरा मारल्या! जमीन तिच्या सासऱ्याच्या नावावर होती, कर्ज नवऱ्याच्या. ती स्वतः त्या रानात वीस वर्षं राबली होती, पण कुठल्याच कागदावर ती शेतकरी नव्हती. अशी बाई उद्या जिवाला मुकली, तर बहुतेकदा तिची नोंद गृहिणी म्हणून होते, हे पी. साईनाथ वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. २०१२ मध्ये एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं. ते संमत न होताच बारगळलं.

जमिनीपाशी आलं की दया संपते आणि तुलना सुरू करावीच लागते, म्हणून तिथेच सगळं अडतं. शेतकरी संघटनेनं हे ओळखलं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा, कुणी उपकार म्हणून नव्हे, तिच्या कष्टाचं देणं म्हणून. मराठवाड्या-विदर्भातल्या साध्या शेतकऱ्यांनी ते केलं. १९९२ मध्ये शासनानंही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायची सोय केली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच वाटा दिला. कागदावर तुलना पूर्ण झाली.

मग गावोगाव हक्कसोडपत्रं सुरू झाली. वडील गेले तेव्हा आमच्याकडेही झालं. वारसांच्या फेरफाराला आईचं, माझं आणि ताईचं नाव लागलं. महिन्याभरात ताई बसनं तालुक्याला आली, दुय्यम निबंधकांपुढे सही केली, अंगठा दिला. सगळं दहा मिनिटांत. आम्ही तिला साडीचोळी केली, हिरवीगार पैठणी, मी स्वतः निवडून आणलेली. येताना तिला उसाचा रस पाजला. गावातल्या जाणत्यांनी तिचं कौतुक केलं की पोरीनं माहेर राखलं. त्याच वर्षी शेजारच्या गावात एका बहिणीनं वाटा मागितला. तिला लोक हावरी म्हणाले, नवऱ्याच्या कानाला लागली म्हणाले. तिच्या भावाला कुणी काही म्हणालं नाही. तो तर नुसता आपल्या जागेवर बसून होता, जसा मी.

मी 'स्त्रीपुरुष तुलना' तोवर दोनदा वाचलं होतं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी ताईपाशी विषय काढला. म्हटलं, तुझा वाटा बक्षीसपत्र करून तुझ्या नावे करून देतो. ती ओवाळणीचं ताट पुसत होती. खूप वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तवा एकदा विचारला असतास तर. सही कर म्हणालास, मी केली. देऊ का नको, हे कुणी विचारलंच नाही मला." थोड्या वेळानं म्हणाली, "आन् वहिनीचं नाव लावलंस का सातबाऱ्यावर?"

लावलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं ती माझ्याबरोबर त्या रानात जाते.

दोन्ही कामांचे कागद घेऊन मी तलाठ्याकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि आवाज खाली आणून, आपुलकीनं विचारलं, "काही भानगड झाली का? कर्जाचं वगैरे?" बायकोच्या आणि बहिणीच्या नावे जमीन करायला निघालेला माणूस अडचणीतच असणार, असं त्यांना वाटलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. बाकावर आणखी तिघे बसले होते, तेही माझ्याकडे वळून बघत होते, आणि त्यांच्या नजरेत काळजी होती.