हलणारी पायरी

आमच्या वस्तीवरच्या घराची दुसरी पायरी तीन वर्षं हलत होती. उजव्या कोपऱ्यावर पाय पडला की दगड डुगायचा. त्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून काढलेला उपाय एकच, डाव्या अंगानं चढायचं. पोरं डावीकडून, आई डावीकडून, सुट्टीला गेलो की मीही डावीकडून. पाव्हणं आलं की कुणीतरी आतून ओरडायचं, "डाव्या अंगानं या हो, दगड हालतोय!" दोन घमेली वाळू, थोडं सिमेंट आणि तासाभराचं काम. तेवढं कुणाच्यानं झालं नाही.

आमचे आण्णा असते तर झालं असतं, असं आम्ही म्हणायचो. म्हणजे तेही काम आम्ही मेलेल्या माणसावरच टाकलं होतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाची जुनी रीत अशी की घर पांढरीत बांधायचं आणि पिकं काळीत घ्यायची. आण्णांनी गावठाण सोडून रानात, काळीवर घर बांधलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही हलवते. त्यामुळं आमच्या भिंतींना भेगा नव्या नव्हत्या. मी शाळेत होतो तेव्हा एक भेग बघून घाबरलो आणि सिमेंट कालवायला लागलो. आण्णा म्हणाले, "आरं, लगीच बुजवू नगं. बुजवलीस तर ती काय करतीया ते दिसायचं न्हाई." त्यांनी कोळसा घेतला, भेग जिथं संपते तिथं आडवी रेघ मारली. आखितीला एक रेघ, दसऱ्यानंतर पुन्हा बघायचं. उन्हाळ्यात उघडली आणि पावसात मिटली, तर ती जमिनीचा श्वास समजायची. अशा दोन-तीन भेगा आमच्या घरात अजून आहेत, आणि घर उभं आहे.

एक भेग मात्र पावसाळ्यातही मिटली नाही. न्हाणीच्या बाजूची. कोळशाच्या रेघेच्या वीतभर पुढं गेली. तेव्हा आण्णांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. उकरून बघितलं तर न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं पायात मुरत होतं. एका कोपऱ्यात बारमाही ओल, बाकी पाया कोरडा, म्हणून भिंत ओढली जात होती. चर काढून ते पाणी परसात वळवलं. परसात लिंबोणी होती. वाया जाणारं पाणी झाडाला मिळालं म्हणून सगळेच खूश झाले.

आण्णा गेल्यावर चौथ्या वर्षी लिंबोणी पिवळी पडली. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी गेलेलो. झाड सुकलेलं बघून जीव कळवळला. चार बादल्या पाणी ओतलं, ओंजळभर युरिया टाकला. आई ओट्यावरनं म्हणाली, "आल्या आल्या काय घालतूयास? आधी बुडाला बघ की." मी बघितलं नाही. मला परत निघायचं होतं, आणि निघण्याआधी आपण काहीतरी केलं असं वाटायला हवं होतं.

पुढच्या फेरीला झाड आणखी खंगलेलं. लिंबूवाल्या एका मित्राला आणलं. त्यानं खोडाजवळची माती बाजूला केली, तर सालीतून डिंक ओघळत होता. डिंक्या रोग. न्हाणीचं पाणी खोडाशी साचून झालेला. तहानेनं नाही, पाण्यानंच झाड मरत होतं, आणि मी त्याला आणखी पाणी पाजलं होतं. मित्रानं डिंक आणि सडकी साल खरवडली, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या मापाची बोर्डो पेस्ट लावली, आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं केलं. जाता जाता मला शिकवलं, "खालची जुनी पानं पिवळी पडली तर बहुतेक भूक. कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असल्या तर चुनखडीच्या रानात लोह लागू होत नाही. सगळंच झाड मान टाकत असंल तर मुळाशी बघ." एक मोठी फांदी तोडावी लागली. अर्धं झाड वाचलं.

त्यानंतरच्या आषाढातली गोष्ट. रात्री लाईट गेलेली. वासरू दावं तोडून पायरीच्या डाव्या अंगाला येऊन बसलं होतं. आई दुधाची कासंडी घेऊन वर चढत होती. अंधारात वासरू पायात आलं, म्हणून तिनं उजवीकडं पाय टाकला.

खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं. आता ती काठी घेऊन चालते. दवाखान्यात मी म्हणालो, "त्या दगडानं घात केला." आई म्हणाली, "दगडाचा काय दोष? त्यो बिचारा तीन वर्सं सांगत हुता."

कधी हात घालावा आणि कधी थांबावं, या प्रश्नाचं एक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. भेगेला थांबणं बरोबर होतं, पायरीला थांबणं हा गुन्हा होता. आण्णांचं थांबणं आणि आमचं थांबणं लांबून सारखंच दिसलं असतं. पण आण्णा रेघ मारून थांबायचे. आम्ही नुसतं अंग चोरून जायला शिकलो आणि त्या शिकण्यालाच सोय म्हणालो. लिंबोणीला मी जे पाजलं, ते तर माझ्याच काळजीचं पाणी होतं.

आता मी स्वतःला दोन गोष्टी विचारतो. हे वाढतंय का? आणि उद्या हे निसटलं तर पाय कुणाचा मोडंल? पहिल्याला रेघ मारून बघता येतं, तिथं धीर धरावा. दुसऱ्याचं उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं किंवा लेकराकडं जात असेल, तर सांजच्याला थांबू नये.

पायरी आई दवाखान्यात असतानाच बसवून घेतली. तासभरही लागला नाही.

परवा फोनवर आईला विचारलं, "कशी हाईस?" ती म्हणाली, "बरी हाय." हे 'बरी हाय' मी कित्येक वर्षं डाव्या अंगानंच ओलांडत आलोय. या रविवारी गावी निघालोय. या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही.