आठ वर्षं

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच दिवसांत तो एसीच्या कामावर हेल्पर म्हणून दुबईला गेला. राहायला सोनापूरच्या लेबर कॅम्पात, एका खोलीत आठ जण. सुरुवातीला प्रार्थनेला बसलं की त्याचे डोळे भरून यायचे, मन हलकं व्हायचं. उन्हाळा आला आणि ते थांबलं.

तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला कायद्याने बंदी आहे. त्या वेळात बाकीचे सावलीला आडवे होत. हा भिंतीला टेकून प्रार्थना करी. शब्द तोंडातून निघत, मनाला काही लागत नसे. पवित्र शास्त्र उघडलं की झोप येई. जुना राग, जुन्या सवयी, सगळं जागच्या जागी होतं. त्यात आईचा फोन आला: "चुलत्याच्या दहाव्याला आला नाहीस ते समजू शकते रे. पण लोक म्हणतात पोरगा बाटला. मी काय सांगू त्यांना?" त्याला वाटलं, आपली आईही गेली आणि देवही मिळाला नाही.

खोलीतल्या एका ख्रिस्ती बंधूने निदान केलं. "तुझा पाय अजून जुन्या घरात अडकलाय. उपवास कर, घरचे फोन बंद कर, मग बघ." सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः घर तोडलं होतं, आणि इतकी किंमत मोजलेल्या माणसाला दुसरी वाट असू शकते हे मान्य करणं फार जड जातं. तरुणाने ऐकलं. आईचा नंबर दिसला की तो फोन उलटा ठेवी. मन मात्र आणखीच कोरडं झालं.

कॅम्पात उपासना भरवता येत नाही. त्यासाठी ठरलेली आवारं आहेत. ऊद मेथा भागात शेख राशिद यांनी दिलेल्या जमिनीवर १९६७ साली सेंट मेरीज चर्च उभं राहिलं. त्याच भागातल्या होली ट्रिनिटीच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या एकामागून एक जमतात. तिथे उपासनेला गेल्यावर त्याला नगरकडच्याच एक वयस्क नर्स भेटल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

"मावशी, माझा बाप्तिस्मा खोटा ठरला का?" त्याने विचारलं.

"पंडिता रमाबाई ऐकून आहेस ना? केडगावच्या. दौंडजवळचं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडला, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे ज्या सिस्टरांनी आसरा दिला त्यांच्याशीच वाद घातला, हे मी का मानू म्हणून. आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचाय. त्यांनीच लिहून ठेवलंय हे. पण तोवर त्या काही हात जोडून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिकवायला लागल्या होत्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणणारी बाई ती. तिला इतकी वर्षं लागली, आणि तुला एका उन्हाळ्यात हवंय?"

"आणि आईचं काय करू?"

"रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या. टिळकांनी नातं तोडलं नाही. त्या हिंदू असतानाच नवऱ्याकडे परत आल्या, आपलं सोवळं पाळत राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपणहून. समजा घेतला नसता, तरी त्या टिळकांच्या बायकोच होत्या ना? आईबापाचा मान राखायची आज्ञा दहा आज्ञांतली आहे, बाळा. आई ख्रिस्ती असली तरच, अशी अट तिला घातलेली नाही. जा, फोन लाव आधी."

त्याने तिथूनच फोन लावला. आईने आधी शिव्या घातल्या, मग रडली, मग विचारलं, "जेवलास का?" धर्माविषयी दोघंही बोलले नाहीत. काकूच्या किराण्याला दर महिन्याला पैसे पाठवीन, पण पूजाअर्चेसाठी मागू नकोस, एवढं त्याने स्पष्ट सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतरही दुपारच्या प्रार्थनेत त्याचे डोळे पूर्वीसारखे भरून आले नाहीत. पण तो रोज बसत राहिला. आता त्या प्रार्थनेत आईचं नाव असे, काकूचं असे, खोलीतल्या त्या बंधूचंही असे.

दुबई असो की नगर, तुमच्या मंडळीत कोणी नवा विश्वासी आला, तर त्याला लगेच साक्ष द्यायला उभं करू नका. तो जेवतो कुठे, घरी बोलतो का, हे आधी विचारा. आणि त्याला वेळ द्या.