'टेन्शन घेऊ नको' म्हणायचं कुणी?

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा फोन आला. आमचं गाव पारनेर तालुक्यात. चाळीतला कांदा सडायला लागला होता आणि भाव काही उठत नव्हता. मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये. म्हणालो, "अण्णा, टेन्शन नका घेऊ, होईल सगळं नीट." ते "बरं" म्हणाले, पाऊसपाण्याचं थोडं बोलले आणि फोन ठेवला. त्यानंतर कांद्याचा विषय त्यांनी माझ्याकडे काढलाच नाही. किती माल उकिरड्यावर गेला, ते मला आईकडून कळलं.

ते 'बरं' डोक्यातून जात नाही. मी धीर दिला होता, की विषय बंद केला होता?

माझ्या त्या वाक्याचा जगप्रसिद्ध भाऊ म्हणजे 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे गाणं. पुष्कळांना ते बॉब मार्लेचं वाटतं, पण मार्ले १९८१ मध्येच गेला. हे गाणं आलं १९८८ मध्ये, बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाच्या 'सिम्पल प्लेझर्स' अल्बममध्ये. त्यात एकही वाद्य नाही. त्याने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक रेकॉर्ड केले. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते पहिलं बिनवाद्यांचं गाणं.

शब्द मात्र त्याचे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत ओळखीच्या कलाकारांच्या घरी एका पोस्टरवर त्याने ते वाचले. पोस्टर होतं मेहेरबाबांचं. म्हणजे आमच्या नगरचं, आताच्या अहिल्यानगरचं! दौंड रस्त्याला अरणगावजवळ, मेहेराबादला त्यांची समाधी आहे. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला जाईपर्यंत ते मौनात होते. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून, नंतर खुणांनी सांगायचे.

आणि त्यांचं सांगणं एवढंच नव्हतं. आधी, तुझ्याकडून होईल तेवढं कर. मग, काळजी सोड, आनंदात राहा. आणि शेवटी, मी मदत करीन. गाण्यात आला तो फक्त मधला तुकडा. तुमची श्रद्धा असो वा नसो, या तीन भागांत एक व्यवहार आहे: काळजी सोड म्हणणारा तिच्यातला काही भार स्वतःकडे घेतो.

मग मॅकफेरिनचं गाणं खोटं का? मला तसं वाटत नाही. त्यात थकलेलं भाडं आहे, तगादा लावणारा घरमालक आहे. अडचणीतला माणूस दुसऱ्या अडचणीतल्याशी बोलावा तसा त्याचा सूर आहे. पण त्याच वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश यांच्या प्रचारात ते वाजलं, आणि तेच शब्द सत्तेच्या तोंडी 'गप्प बसा' असे ऐकू येऊ लागले. मॅकफेरिनने जाहीर विरोध केला आणि स्वतःच्या कार्यक्रमांतूनही ते गाणं काढून टाकलं. आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं!

म्हणजे प्रश्न शब्दांचा नाहीच. ते कोण म्हणतोय आणि म्हटल्यावर काय करणार आहे, याचा आहे. कुणी म्हणेल, सगळ्यांनाच कुठे मदत करता येते? कांद्याचा भाव मी थोडाच ठरवतो? खरंय. पण मी साधं 'किती गोण्या खराब झाल्या?' एवढंही विचारलं नव्हतं. अण्णांची काळजी ऐकणं मला जड जात होतं. 'टेन्शन घेऊ नका' हे मी माझ्या सोयीसाठी म्हणालो.

यंदा पुन्हा तशीच वेळ आली. शनिवारी गावी गेलो आणि दिवसभर चाळीत अण्णांबरोबर कांदा निवडत बसलो. भाव वाढला नाही. अण्णा मात्र आपणहून बोलत राहिले, कर्जाच्या हप्त्याबद्दलसुद्धा. मी धीराचं एकही वाक्य बोललो नाही.