दार उघडणाऱ्याचे नाव

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर तुम्ही पाहिले असेल. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाज यांनी ते अस्पृश्यांसाठी खुले केले. सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी ते केले. हे धाडस मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही.

पण उद्या तुमच्या मुलाने विचारले, “ते आधी बंद का होते?” तर काय सांगाल? दार उघडणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्यांची नावे कोठे आहेत?

दिलेला प्रवेश वेगळा आणि हक्क वेगळा. प्रवेश देणाऱ्याच्या मर्जीवर असतो; हक्क माणूस म्हणून जन्मतःच असतो. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे आपली माणसे उभी राहिली, ती हक्कासाठी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ती नागपूरला जमली, तेव्हा कोणाचेही दार ठोठावायचे उरले नव्हते.

मग गावच्या स्मारकांकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. दगडावर कोरले म्हणूनही मानू नये. मुलांना मंदिर दाखवा, सेवाग्राम दाखवा, विश्वशांती स्तूप दाखवा. प्रत्येक ठिकाणी विचारायला शिकवा : हे कोणी उभारले? कोणाच्या घामाने? येथे कोण दिसत नाही?

जे दिसत नाहीत ते तुमच्याच घरचे आहेत. कोणत्या विहिरीवर आजीला पाणी नाकारले, आजोबांनी दीक्षा कशी घेतली, हे म्हातारी माणसे आहेत तोवर वहीत लिहून घ्या. ती वही हेच आपले पहिले स्मारक.